हेर, भाग दुसरा

आजोबा हर्नडनला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले तेव्हा त्यांना अमेरिकेतलं काहीही बघायचं नव्हतं. बाबांनी त्यांना व्हाइट हाउस दाखवलं. ते म्हणाले, "रंग नुकताच दिलेला दिसतोय." मग गाडीत जाऊन बसले.

हे आईचे वडील. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे गाड्या फलाटाला लावायच्या, वेळेवर सोडायच्या आणि उशिरा आलेल्या ड्रायव्हरला उशीर का झाला ते विचारायचं. आजी जाऊन वर्ष होत आलं होतं. "जरा बदल" म्हणून आईने त्यांना बोलावून घेतलं होतं. बदल असा की साताऱ्याला ते एकटे बसायचे ते खुर्चीवर, इथे काऊचवर. आई-बाबा ऑफिसला, मी शाळेत, आणि बाहेर व्हर्जिनियाचा हिवाळा. मी तेव्हा चौथीत होते, दोन हजार तीनचा सुमार असेल.

मी स्कूल बसमधून उतरून घरी आले की आम्ही दोघं टीव्हीपुढे बसायचो. एके दिवशी आजोबांच्या हातून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि जुन्या मालिकांचा एक चॅनल लागला. तो कसा बदलायचा ते त्यांना माहीत नव्हतं आणि मला उठायचा कंटाळा आला होता. बरोबर चार वाजता साठ सालच्या आसपासची एक हेरांची मालिका सुरू झाली. काळी-पांढरी. हेराच्या डोक्यावर हॅट, चष्म्याच्या काडीत कॅमेरा. त्याचा साहेब एका मोठ्या टेबलामागे बसून हुकूम सोडायचा आणि खुर्चीतून कधीही उठायचा नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता आजोबा चहा घेऊन आधीच तयार बसले होते.

आजोबांना इंग्रजी वाचता यायचं, पण हेर भराभर बोलायचे, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. माझं मराठी घरात कानावर पडेल तेवढंच असल्यामुळे जगभरातले सगळे हेर एकमेकांशी माझ्या आईसारखे बोलायचे. "आटप लवकर, उशीर होतोय." "किती वेळा सांगितलं, हात लावू नकोस म्हणून." एक खलनायक बाँबच्या शेजारी उभा राहून काहीतरी लांबलचक बोलला. ते मी "आता बस रडत" एवढ्यात उरकलं. आजोबांनी मान डोलावली.

त्यांच्या तक्रारी ठरलेल्या होत्या. हेर वेळेवर कुठेच पोचत नाही. तिकीट न काढता बसतो. सामान कधी जवळ नसतं, तरी कपडे रोज वेगळे. आणि मुख्य म्हणजे, "हा जेवतो कधी?" बर्लिन झालं, कैरो झालं, माणूस कॉफीसुद्धा अर्धी टाकून पळायचा. "तुझ्या आजीने ह्याला जेवल्याशिवाय घराबाहेर सोडला नसता," आजोबा म्हणायचे. मग ब्रेकमध्ये ते आजीबद्दल थोडं बोलायचे. फक्त ब्रेकमध्येच. जाहिराती संपल्या की गप्प.

आजीचे फोटो आमच्याकडे होते, पण सगळ्यांत ती हात जुळवून, अवघडून उभी. आजोबांना त्यातला एकही फोटो पसंत नव्हता. "ती अशी कधी उभी राहिलीच नाही. सारखी चालू असायची." एकदा जेवताना त्यांनी आईला विचारलं, "तुझ्या लग्नाची कॅसेट तुझ्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडे कुठली? तुमच्याकडेच नाही का, लोखंडी कपाटात?"

आजोबा म्हणाले, "नाही. तू नेलीस." आई म्हणाली, "नाही हो." मग दोघांनीही आमटी वाढून घेतली. बाबा म्हणाले, "सापडेल." ते नेहमीच तसं म्हणतात.

आजोबांच्या परतीच्या आठवड्यात मालिकेने घात केला. शुक्रवारच्या भागात कळलं की हेराच्या कचेरीतच कोणीतरी फितूर आहे. माझा संशय टाइपरायटरवाल्या बाईवर होता, कारण ती फार हसायची. आजोबांचा साहेबावर. "जो माणूस खुर्चीतून उठत नाही, त्याचं काहीतरी असतं," ते म्हणाले. शेवटी हेर अंधाऱ्या खोलीत दबा धरून बसला, दार उघडलं, आत एक बूट आला आणि पडद्यावर अक्षरं आली: पुढचा भाग सोमवारी.

आजोबांचं विमान शनिवारी होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बाबांना विचारलं, "तिकीट दोन दिवस पुढे ढकलता येईल का?" बाबांनी कारण विचारलं. आजोबा म्हणाले, "तब्येत." बाबांनी थर्मामीटर आणला. ताप नव्हता. शिवाय आजोबांची इथे राहायची परवानगी रविवारी संपत होती, आणि फितूर कोण हे कळायचंय असं इमिग्रेशनवाल्यांना सांगायला बाबा तयार नव्हते.

विमानतळावर आजोबांनी मला बाजूला घेतलं. "सोमवारचं रेकॉर्ड कर आणि कोणाबरोबर तरी पाठव. फोनवर सांगू नकोस हं. बघायचंय मला." मी कबूल केलं. मग मला रडू आलं. थोडं त्या बुटासाठी होतं, पण बरंचसं आजोबांसाठी. सोमवारी चार वाजता माझ्या शेजारी कोणी नसणार हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

सोमवारी घरात कोरी कॅसेट नव्हती. टीव्हीखालच्या खोक्यात तळाशी एक बिनलेबलाची सापडली. बाबांना ऑफिसात फोन केला.

"डॅड, कॅन आय यूज धिस वन?"

"घे की. त्यात काही नाहीये, नुसत्या रेघा आहेत. मी मागे लावून बघितली होती. बुरशी लागली असणार." बाबा इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर आहेत. मी निर्धास्तपणे रेकॉर्ड केलं आणि लेबलवर ठळक अक्षरात "स्पाय, पार्ट टू" लिहिलं.

भारतात कोणी निघालं की त्याच्या बॅगेत आपलं काहीतरी कोंबायचं, ही आमच्या मराठी मंडळींची पद्धत आहे. कोपऱ्यावर राहणारे एक काका पुण्याला आणि तिथून साताऱ्याला चालले होते. आईने बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि माझी कॅसेट त्यांच्याकडे दिली. काकांनी लेबल वाचलं आणि कॅसेट टेबलावर परत ठेवली.

"वहिनी, दिवस कसले आहेत? 'स्पाय' लिहिलेलं सामान घेऊन मी एअरपोर्टवर जाऊ? माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे."

आईने लेबल खरवडून काढलं, नवीन चिकटवलं आणि त्यावर "सत्यनारायण पूजा" असं मराठीत लिहिलं. काका म्हणाले, "आता कसं?"

पुढच्या रविवारी आजोबांचा फोन आला. आईने स्पीकर लावला. ते नेहमीच्याच आवाजात, एखादी गाडी का उशिरा आली ते सांगावं तसं सांगू लागले.

काका कॅसेट द्यायला आले तेव्हा शेजारच्या काकू तिथेच होत्या. त्यांनी लेबल वाचलं. अमेरिकेतला सत्यनारायण म्हटल्यावर त्या घरी जाऊन साडी बदलून आल्या. आजोबांना खरं सांगायचं जिवावर आलं. त्यांनी कॅसेट लावली. पडद्यावर रेघा. आवाज यायचा, पण माणूस विहिरीच्या तळाशी कण्हतोय असा.

"अहो, दोन्हीकडची व्हिडिओची पद्धत वेगळी असते ना," इकडे बाबा आईच्या मागून म्हणाले. "इथली कॅसेट तिथल्या मशीनवर दिसत नाही." त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ते आजही म्हणतात.

आजोबा बंद करायला उठले, तर काकूंनी त्यांना बसवलं. सत्यनारायण अर्धवट सोडून उठायचं नसतं. तीर्थप्रसादापर्यंत थांबायचं. काकू हात जोडून रेघांपुढे बसल्या आणि त्या बसल्या म्हणून आजोबाही बसले. पाऊण तास.

"मग रेघा थांबल्या," आजोबा म्हणाले. "आणि पंगत लागली."

"कसली पंगत?" आईने विचारलं.

"तुझ्या लग्नाची."

बाबांनी डोक्याला हात लावला. ती बिनलेबलाची कॅसेट साताऱ्याहून कधीतरी आईच्या सामानातून आलेली होती. तिकडची, म्हणून इथे नुसत्या रेघा. बुरशीबिरशी काही नव्हती. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी, सगळ्यावर मी हेर रेकॉर्ड केला होता. त्याचा भाग जिथे संपला तिथून पुढचं जेवण तेवढं उरलं होतं.

"म्हणजे आपलं लग्न झाल्याचा पुरावा गेला," बाबा म्हणाले.

"जेवण झाल्याचा आहे," आई म्हणाली. मग तिने फोनजवळ वाकून विचारलं, "आई आहे त्यात?"

"आहे ना. मठ्ठा वाढतेय. व्हिडिओवाल्याला म्हणते, ते यंत्र ठेव खाली आणि बस जेवायला. तो नाही म्हणतो. मग त्याच्या मागेच लागते. पुढे सगळा कॅमेरा हलतोय, कारण तो पळतोय." मग म्हणाले, "चालतेय, बोलतेय. काकूंनी नमस्कार केला तिला."

आई स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसली आणि रडली. मी घाबरून तिच्या शेजारी बसले. मला वाटलं आता मला बोलणी बसणार. ती मला जवळ ओढून म्हणाली, "बरं झालं." मग म्हणाली, "सप्तपदी गेली माझी." दोन्ही तिला मनापासूनच वाटत होतं.

मला मात्र माझं वचन आठवत होतं. मी फोन हातात घेतला. "आजोबा, तुम्हाला तर दिसलंच नाही. फितूर कोण ते सांगू का?"

"आत्ता नको," ते म्हणाले. "तिचं वाढून होऊ दे."

त्यानंतर ते रोज चार वाजता चहा घेऊन ती कॅसेट लावायचे. काकूंनी पुढे ढकलायचं बटण दाखवलं होतं, पण ते सुरुवातीपासूनच लावायचे, रेघांसकट. गाडी फलाटाला लागेपर्यंत थांबायचं असतं, म्हणायचे. दर रविवारी मी विचारायचे, सांगू का, आणि दर रविवारी ते म्हणायचे, थांब, अजून वाढतेय.

साहेबच फितूर होता. आजोबांचं बरोबर होतं. ते त्यांना सांगायचं राहून गेलं, कारण ते होते तोवर आजीचं वाढून कधी झालंच नाही.