इंदिराबाईंच्या अंगणातले गोचीड

इंदिराबाईंचा मखमलाबाद रस्त्यावरचा बंगला लहान, अंगण त्याहून लहान, आणि त्या एवढ्याशा अंगणाने यंदाच्या पावसाळ्यात त्यांना जितकं छळलं तितकं सासूनेसुद्धा कधी छळलं नव्हतं. गोचीड झाले होते. आधी भैरू कुत्र्याच्या कानात, मग भिंतीवर, मग ओट्यावर, आणि एक दिवस थेट तेजश्रीच्या मानेवर.

तेजश्री त्यांची एकुलती एक मुलगी. तिला सातवा महिना लागला होता आणि नवरात्र झालं की ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. भैरूला कॉलेजच्या वाटेवरून उचलून आणणारीही तीच. पण मानेवरचा गोचीड निघाला तेव्हा ती रडली, चिडली आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "आई, अंगण साफ झालं तरच मी येईन. नाहीतर सासूबाई तयारच आहेत सगळं करायला."

ते 'तयारच आहेत' इंदिराबाईंच्या जिव्हारी लागलं. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाची दुपटी, सगळी तयारी त्यांनी मनात केव्हाच करून ठेवली होती. आणि एका किड्यापायी हे सगळं विहीणबाईंनी करायचं? त्यांनी पदर खोचला.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, कुत्र्यावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त अंगणात लपलेले असतात, नुसता कुत्रा धुऊन काही व्हायचं नाही. म्हणून बाईंनी गवत कापून घेतलं. पालापाचोळा उचलला. भैरूचं गोणपाट उकळत्या पाण्यात टाकलं, भिंतीच्या फटी गवंड्याकडून सिमेंटने बुजवल्या. भैरूला औषधाच्या पाण्याने आंघोळी झाल्या. त्याला मागच्या दारी बांधून भिंतींवर फवारा मारला आणि अंडी मागाहून फुटतात म्हणून पंधरवड्याने पुन्हा मारला. थोडे दिवस बरे जायचे, की खसखशीएवढी पिल्लं पारिजातकाजवळच्या भिंतीवर पुन्हा हजर!

"औषधच भेसळीचं असणार," वेणीमाधव गुरुजी म्हणायचे.

गुरुजी म्हणजे इंदिराबाईंचे यजमान. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगायचे आणि घरात इकडची काडी तिकडे करायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. आवाज कधी चढवला नाही, कुणाला वावगं बोलले नाहीत. देवमाणूस, असं लोक म्हणत. देवमाणसाच्या घरात झुरळं कोण मारतं आणि उंदराचा पिंजरा कोण रिकामा करतं, हे मात्र कुणी विचारत नसे. दर चातुर्मासात त्यांचा एखादा नेम असायचा. यंदाचा नेम, कुठल्याही जिवाला मारायचं नाही. "नेम तुमचा आणि कामं माझी," असं बाई म्हणाल्या तेव्हा ते गोड हसले होते.

भाद्रपदातल्या एका सकाळी दूध तापत ठेवून बाई खिडकीशी आल्या. गुरुजी ओट्यावर भैरूला जवळ घेऊन बसले होते. चिमट्याने एकेक टरटरून फुगलेला गोचीड हलक्या हाताने काढायचा आणि पानांच्या द्रोणात ठेवायचा, असं चाललं होतं. बाईंना अगदी भरून आलं. एवढ्या वर्षांनी का होईना, माणूस हातभार लावतोय. मग गुरुजी उठले, पारिजातकाच्या बुंध्याशी गेले, द्रोण अलगद पालथा केला आणि हात जोडले.

"अहो!" इकडे दूध उतू गेलं. "हे कधीपासून चाललंय?"

"आषाढापासून. मारायचं नाही म्हटल्यावर कुठेतरी सोडायला हवं ना? इथे सावली आहे, ओल आहे."

"त्यांना काय हवं नको ते बघताय होय! एकेक मादी हजारांनी अंडी घालते, डॉक्टर कंठशोष करून सांगत होते तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

"मी फक्त सोडतो, इंदिरा. पुढे जगणं-मरणं त्यांचं प्राक्तन."

"आणि फवारणारी मी! पाप सगळं माझ्या माथी मारून पुण्य जमवताय. लग्न झाल्यापासून हेच चाललंय या घरात." बाईंनी मुलीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला. "सांगा तिला. या वेळी मी सांगणार नाही."

गुरुजींनी फोन परत पुढे केला. बाईंनी हात मागे बांधले. मग त्यांना सांगावंच लागलं, अडखळत, सगळं.

पलीकडून तेजश्री म्हणाली, "बरं बाबा. मी इकडेच राहते. तुमचा नेम मोडायला नको." ओरडली नाही, रडली नाही. आवाज जराही चढवला नाही, अगदी बापासारखी. फोन ठेवून दिला.

बाई स्वयंपाकघरात जाऊन सांडलेलं दूध पुसत बसल्या. डोळे भरून येत होते आणि त्याचाही त्यांना राग येत होता. तेवढ्यात गुरुजी दारात आले. सोवळं नेसलेलं, हातात फवारणीचा पंप.

"औषध किती घालायचं पाण्यात?"

"आणि नेम?"

"मोडला. प्रायश्चित्त घेईन."

बाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढं सोपं होतं? मग इतकी वर्षं झुरळसुद्धा मीच का मारायचं?"

गुरुजींनी पंपाचा दांडा उगाच वरखाली केला. मग त्यांनी विचारलं, "तेजू येईल ना गं?"

"ते तिलाच विचारा," बाई पदर खोचत उठल्या. "आणि आधी तोंडाला उपरणं बांधा. विषारी असतं ते."