नव्या खुब्याचं अस्तर

माझा खुबा बदलल्यापासून व्यायाम करवून घ्यायला ती फिजिओथेरपीवाली पोरगी रोज पुरानी बस्तीतून स्कूटीवर आमच्या चौबे कॉलोनीत येते. चप्पल काढायच्या आधीच दारातून विचारते, "काकू, आज किती पावलं?" मी लाजून वॉकरकडे बघू लागले की माझं उत्तरही तीच देते, आणि वर त्या उत्तरावरून माझ्याशी वाद घालते.

एकदा मी भीत भीत विचारलं, आत तो नव्या खुब्याचा धातूचा गोळा उघडाच आहे का? तिने माझ्या शिलाई मशीनवरचं ब्लाउज उलटं केलं. "हे अस्तर दिसते ना? तसाच पातळ पडदा शरीर नव्या सांध्याभोवती विणून राहिलं. अजून कच्चा आहे. वाकाल तर गोळा निसटेल, मग पुन्हा ऑपरेशन." मी चौथी शिकलेली. डॉक्टरांचं कळलं नव्हतं, हे कळलं.

काल वर्ध्याहून सासूबाई आल्या. इतक्या वर्षांची सवय, वॉकर सोडून मी पाया पडायला वाकू लागले.

"काकू!" तिने मला कमरेशी धरून सरळ केलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. तेव्हा ती स्वतःच वाकली. "आजी, हा काकूंचा नमस्कार." मग पुन्हा वाकली. "अन् हा माझा."

"काहून व, सूनही बदलली का माही?" सासूबाई हसल्या. एक हात तिच्या डोक्यावर ठेवून त्यांनी दुसरा माझ्याकडे लांबवला. मी वॉकर धरून तिकडे निघाले. ती माझ्या मागे येऊन पावलं मोजू लागली.