डावीकडे ओढणारी गाडी

फिरणारी कुठलीही वस्तू हाती आली की काकाजी ती एकदा फिरवायचे आणि कानाशी न्यायचे. सायकलचं चाक असलं तर स्वतःच खाली वाकायचे. डोळे मिटून म्हणायचे, "ऐकून पाह, काय म्हणून राहिलं ते." आमचा टेबलफॅन त्यांनी असाच ऐकला आणि माझ्या बायकोला सांगितलं, "याले काही झालं नाही, फक्त पुसा." तुमच्याही गल्लीत असं कोणी असेल, तर त्यांच्याकडे जात राहा.

गढा या हिंदी मुलखातल्या मोहल्ल्यात आमच्या समोरच्या घरात ते एकटे राहायचे. फॅक्टरीत फिटर होते. काकू वारल्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली.

माझी रेवा अकरावीत होती. फिजिक्सच्या प्रोजेक्टला उंदीर पकडायच्या सापळ्यावर चालणारी गाडी करायची होती. मी ऑफिसात फायली हलवणारा माणूस. मी तिला काकाजींकडे पाठवलं.

बडा फुहाऱ्याच्या बाजारातून स्प्रिंगचा लाकडी सापळा आणला. जुन्या सीडींची चाकं, सायकलच्या स्पोकचा आस. सापळ्याच्या दांड्याला बांधलेला दोरा मागच्या आसावर गुंडाळायचा. सापळा सुटला की दांडा दोरा ओढतो आणि चाकं फिरतात. काकाजी सांगायचे, पण हात पाठीमागे बांधून. गाडी दर वेळी डावीकडे जाऊन भिंतीला धडकायची. रेवा त्यांना आबाजी म्हणायची. ती वैतागून म्हणाली, "आबाजी, आप ही ठीक कर दो न."

"मी केली तर ते माही होईन, माय. काहून घाई करून राहिली?"

ती पुन्हा सगळं सोडवायला बसली. पाच दिवस रोज संध्याकाळी असंच चाललं. घरी ती डब्याचं झाकणसुद्धा फिरवून कानाशी नेऊ लागली, आणि आम्ही हसायचो.

शाळेतल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीही गाडी डावीकडेच ओढत होती. मी कोणाला न विचारता ऑनलाइन तयार किट मागवून ठेवलं होतं. ते मी तासाभरात जोडलं आणि तिच्या पिशवीत घातलं. ती म्हणाली, आबाजींवाली आता थोडीच राहिली आहे, मी आज करते. मी मार्कांचं कारण पुढे केलं. तिनं वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले. रेवानंच त्यांना बोलावलं होतं, गाडी बदलायच्या आधी. त्यांच्यासमोर प्लॅस्टिकची चकचकीत गाडी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. टाळ्या पडल्या. रेवा मान खाली घालून उभी होती.

काकाजी तिच्याजवळ गेले. "तुले हेच बरी वाटली असंन, माय. काही हरकत नाही. छान चालली."

मी हातभर अंतरावर होतो. गाडी मी बदलली, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचे सर माझं अभिनंदन करत होते आणि मी त्यांच्याशी बोलत राहिलो.

त्यानंतर रेवा समोरच्या घरी जाईनाशी झाली. काकाजीही तिला हाक मारीनात. दिसलो की हसायचे मात्र पूर्वीसारखेच. सांगायचं म्हणून मी दोनतीनदा त्यांच्याकडे गेलो आणि नळाच्या पाण्यावर बोलून परत आलो. एकदा त्यांनी स्वतःच विचारलं, पोरीले मार्क कसे पडले? चांगले पडले म्हटल्यावर त्यांना खरंच आनंद झाला. तेव्हाही मी बोललो नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुलीकडे नागपूरला गेले. तिथेच हार्ट अटॅकनं गेले. फोन आला तेव्हा रेवा नुकतीच शाळेतून आली होती. दप्तर मांडीवर घेऊन ती खाली बसली. मग तिनं विचारलं, "पापा, आपने उनको बता दिया था न, कि गाड़ी आपने बदली थी?"

इतके महिने ती तसंच समजून होती.

"नाही," मी म्हणालो.

तिनं दप्तर खाली ठेवलं, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून त्यांच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं. ती तिथे पायरीवर बसली. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. जवळ जाऊन बसावं असं वाटलं, पण मी खिडकीतच उभा राहिलो.