लग्न असलेला पिक्चर

मी घर सोडलं ती दुपारची वेळ होती. बाबा जेवून भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि झोपल्याचं सोंग इतकं मनापासून करत होते की मीही ते मोडलं नाही. खाली रिक्षात माझी बॅग, टेबल फॅन आणि एक गोधडी होती. आई जिन्यापर्यंत आली, मालवणी मसाल्याची बाटली माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन कर." मी चाललो होतो घाटकोपरहून दिंडोशीला. असल्फा, साकीनाका, पुढे हायवे. ट्रॅफिक नसेल तर तासाभराचा रस्ता.

लोक दुबईला जातात, कॅनडाला जातात, त्यांना सोडायला विमानतळावर अख्खं खानदान येतं. मी एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात गेलो. पाणी त्याच महापालिकेचं, बस त्याच रंगाची. तरीही सांगतो, कॅनडावाल्यांपेक्षा मी लांब गेलो. ते दर वर्षी घरी येतात तेव्हा त्यांच्या बायकांनाही आत घेतात.

त्याच्या आदल्या रविवारी कुडाळकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी चांगली होती, शिकलेली होती, म्हणूनच मला गप्प बसवेना. पाहुणे गेल्यावर मी आईबाबांना सांगून टाकलं की मला मुलगी नको, माझं मिलिंदवर प्रेम आहे. मिलिंद जालन्याचा, बौद्ध घरातला, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. बाबांनी नाव ऐकलं, आडनाव विचारलं, आणि मग नक्की कशाचा राग आधी करावा हे त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "असलं तर पिक्चरमध्येपण दाखवत नाहीत." बाबा गिरणी कामगार, आणि गिरणी चालू असताना त्यांनी एकही नवा पिक्चर सोडला नव्हता. जे पडद्यावर आलं नाही ते त्यांच्या लेखी जगातच नव्हतं.

दाखवत नव्हते असंही नाही म्हणा. आमच्या टीव्हीवर दर दोन-तीन पिक्चरमागे एक लचकत चालणारा, हात झटकणारा माणूस यायचा. तो हिरोच्या अंगचटीला आला की हिरो त्याला ढकलायचा आणि आमचं घर हसायचं. बाबा मांडीवर थाप मारून हसायचे. मी चौदा-पंधरा वर्षांचा, त्यांच्या बाजूला बसलेला. मला त्या माणसासारखं चालता येत नव्हतं, तसं बोलता येत नव्हतं, पण ढकलला जातोय तो मीच, हे मला पक्कं कळत होतं. त्या हसण्याचा मला राग होता. आजही आहे, आणि तो मी जपून ठेवलाय.

दिंडोशीला ब्रोकरने विचारलं, "दोघं बॅचलर ना? रूम पार्टनर?" आम्ही हो म्हटलं. लीव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार दर अकरा महिन्यांनी नवा होतो आणि दर वेळी आम्ही नव्याने बॅचलर होतो. घर म्हणजे एक खोली, एक किचन आणि खिडकीत वाळत घातलेले आमचे दोघांचे शर्ट. मिलिंदची सगळ्यात मोठी तक्रार माझ्याविषयी नाही, खोबऱ्याविषयी आहे. "तुम्ही लोक चहात पण घालाल," असं तो म्हणतो. त्याचा ठेचा खाताना मी डोळे पुसतो आणि पुन्हा वाढून घेतो. भांडणं होतात, ईएमआयवर फ्रीज येतो, ताप आला की एकजण रजा टाकतो. बाबांना वाटतं तसं आमच्या घरात काहीही चालत नाही. बहुतेक वेळा वॉशिंग मशीन चालतं.

मी अंधेरीच्या एका मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये ड्युटी मॅनेजर आहे. तिकीट फाडण्यापासून सुरुवात केली. या नोकरीत पिक्चर पूर्ण बघायला मिळत नाही, पण प्रेक्षक भरपूर बघायला मिळतो. इंटरव्हलच्या आधी आणि शेवटी आम्ही हॉलमध्ये शिरून बाजूच्या भिंतीला उभे राहतो, दारं वेळेवर उघडावी लागतात म्हणून. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर असतो. त्या तोंडांवरून पिक्चर चालणार की पडणार हे आम्हाला कळतं.

सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावर दोन पुरुष जवळ आले की काही व्हायच्या आधीच हॉल हसायचा. शिट्टी यायची, मागून कोणीतरी घाण बोलायचं, आणि ज्याला हसू येत नसेल तोही शेजारी काय म्हणेल म्हणून हसायचा. मग हळूहळू हसण्याऐवजी खोकले ऐकू यायला लागले. मोबाइल चालू व्हायचे, लोकांना अचानक पाणी प्यायचं असायचं. पुढे तेही कमी झालं. आता पॉपकॉर्नचा मोठा टब घेऊन सहकुटुंब माणसं बसतात आणि दोघांचं भांडण मिटलं की बरं वाटल्यासारखी मागे रेलतात. उठून जाणारे अजून आहेत. पण त्यांना जाताना वाकून, सॉरी म्हणत जावं लागतं, हे बघून मला बरं वाटतं.

फार हुरळूनही जात नाही. पडद्यावरचे दोघं नेहमी गोरे असतात, मोठ्या बंगल्यात राहतात, त्यांच्या बापाचा बिझनेस असतो. दिंडोशीतल्या वन रूम किचनमधल्या दोघांवर, त्यात एक सिंधुदुर्गातला आणि एक जालन्याचा बौद्ध, कोणी पैसे लावलेले मी अजून पाहिले नाहीत.

घरी जायचं तर बाबांची एक अट होती: एकटा ये. गावचं घर बंद झाल्यापासून आमचा गणपती घाटकोपरलाच बसतो. इतकी वर्षं मी एकटा जायचो, आरती करायचो, आई डब्यात मोदक द्यायची. मोदक दोघांना पुरतील एवढे असायचे, पण कोणासाठी ते ती बोलायची नाही. गेल्या वर्षी मिलिंदने मला बिल्डिंगच्या गेटपर्यंत सोडलं आणि रिक्षातच बसून राहिला. पाऊण तासाने मी खाली आलो तर तो तसाच, मोबाइलवर कसलातरी गेम खेळत. त्या दिवशी मी ठरवलं की पुरे झालं. आईला सांगितलं, यापुढे दोघं येऊ, नाहीतर नाही. तेव्हापासून मी घाटकोपरला गेलो नाही.

मग यंदा आईचा फोन आला, तिकिटांसाठी. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगच्या महिला मंडळाची एक पद्धत आहे. हळदीकुंकू उरकलं की सगळ्या मिळून एक पिक्चर बघतात, आणि तो निवडायचा नियम सावंतकाकूंनी घालून दिलाय. काकू मंडळाच्या अध्यक्षा, वयाने सगळ्यांत मोठ्या. नियम असा की पिक्चरमध्ये लग्न पाहिजे. लग्न असलं की साड्या असतात, गाणी असतात, पाठवणीला रडता येतं. लग्न नसलं की बंदुका असतात. परीक्षण वाचायचं नाही, ट्रेलर बघायचा नाही, पोस्टरवर मांडव दिसला की बुकिंग करायचं.

या वेळच्या पोस्टरवर झेंडूचा मांडव होता, दोन देखणे नवरदेव शेरवानीत, आजूबाजूला दोन्ही घरची माणसं. आमच्याकडे खर्च वाचवायला दोन भावांची लग्नं एकाच मांडवात लावतात. मंडळाने तेच धरलं. नवऱ्या पोस्टरवर नाहीत म्हणजे त्या सरप्राइज असणार. आईने मला एवढंच विचारलं, "लग्न आहे ना रे त्यात?" मी म्हटलं, आहे. आई, मला माहीत होतं तुम्ही काय समजलात. मी मुद्दाम सांगितलं नाही आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मंडळ मेट्रोने आलं, गजरे माळून. इंटरव्हलच्या आधी मी हॉलमध्ये शिरलो तर सगळी रांग अजून नवरी मुलींची वाट बघत होती. पडद्यावर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले होते, आणि सावंतकाकू शेजारणीला मोठ्याने विचारत होत्या, "अगो, पोरीकडची माणसां खंय रवली?" शेजारणीला तोवर उमगलं होतं. तिने कानात सांगितलं. इंटरव्हलला एक-दोघी पर्स उचलून उठल्या, तेव्हा काकूच म्हणाल्या, "बसा गो. पुढे काय होता ता बघूया तरी."

शेवटाला मी पुन्हा आत गेलो. एका मुलाचा बाप लग्नाला येत नव्हता आणि आमच्या मंडळाने त्याला मनापासून शिव्या घातल्या. मग तो आला. मांडवाच्या दारात उभा राहिला आणि त्याने दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मी आईकडे बघत होतो. ती रडत होती, पदर तोंडाला लावून, लग्नात रडतात तशी. दिवे लागेपर्यंत सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, तीही.

मिलिंद त्या दिवशी मला घ्यायला आला होता. बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभा होता. आईने त्याला फोटोत पाहिलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होती. त्याने वाकून नमस्कार केला. मंडळ गोल करून उभं राहिलं आणि कोणीतरी विचारलं, हा कोण. आईचे डोळे अजून ओले होते. ती म्हणाली, "हा होय? संदेशचा रूम पार्टनर."

इतकी वर्षं बाबांचं ऐकून मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. दोन अनोळखी नटांसाठी तिने पदर भिजवला होता. माझ्यासाठी तिच्याकडे ब्रोकरचा शब्द होता. मी म्हटलं, "काकू, रूम पार्टनर नाही. आत्ता ज्या दोघांसाठी टाळ्या वाजवल्यात ना, तसे आम्ही दोघं आहोत. आठ वर्षं."

काकूंनी मिलिंदला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "मगे आमका कित्याक सांगूक नाय रे?" आई सरकत्या जिन्याकडे चालायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "चारचौघांत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." मी विचारलं, पिक्चर आवडला ना? "आवडला. पण पिक्चरची गोष्ट वेगळी असते." मी म्हटलं, बाबा तर म्हणायचे, पिक्चरमध्ये दाखवत नाहीत म्हणजे ते नसतंच. आता दाखवलं, तुम्ही रडलात, टाळ्या वाजवल्यात, आता तुम्ही म्हणता ते वेगळं असतं. मग आमचं खरं कधी होणार? ती म्हणाली, "यंदा गणपतीला ये. एकटा ये."

आई, हे मी तुझ्यासाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे त्याच शहरात राहून घरापासून लांब गेले त्यांच्यासाठी. प्रेक्षक बदलला, मी रोज बघतो, खोटं नाही. त्याचं कौतुक मला आहे. पण मला प्रेक्षक नको आहेत. ते तिकीट काढतात, रडतात, घरी जातात. मला घरची माणसं हवीत, ज्यांना माझ्या माणसाचं नाव घेता येतं. घर म्हणजे काय, याचं माझं उत्तर आता सोपं आहे. जिथे मिलिंदला खाली रिक्षात बसवून यावं लागतं ते माझं घर नाही, मी तिथे जन्मलो असलो तरी.

आणि तरीही मी ते सोडायला तयार नाही. एकदा बॅग घेऊन निघालो तो शहाणपणा होता, आता परत न येणं हा तुम्हाला सोपा पडेल असा मार्ग आहे, आणि तो मी तुम्हाला देणार नाही. यंदा गणपतीला आम्ही दोघं येतोय. बाबांना सांग. त्यांना दार उघडायचं नसेल तर आम्ही जिन्यात उभं राहून आरती म्हणू. मिलिंदला शब्द येत नाहीत, शिकवतोय मी. सगळी बिल्डिंग बघायला जमेल. जमू दे. मला त्यांची भीती वाटत नाही, अंधारात त्यांची तोंडं मी पाहिली आहेत.

तू फक्त दोन पानं वाढ.