डब्यावर वाघ, खेळात बेडूक

नालवाडीचा रत्नदीप दिवसभर औषधांच्या दुकानात उभा असायचा आणि संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ गेमची नावं लावत बसायचा. पगार नाही, पाठ थोपटणारं कोणी नाही. जगभरातले हौशी लोक मिळून जुन्या गेमची एक वेबसाइट चालवतात, तिचं हे काम. एकच गेम जपानात एका नावानं निघतो, अमेरिकेत दुसऱ्या, आपल्याकडे तिसऱ्याच. जो तो आपल्याला आठवेल ते नाव टाकायचा आणि नुसता गोंधळ व्हायचा.

त्यावर नियम सुचवला तो रत्नदीपनं आणि त्याच्या लहानपणच्या दोस्तानं, सिंदी मेघे गावच्या मुकेशनं. गेम जिथं पहिल्यांदा निघाला तिथलं नाव वर. खाली प्रत्येक देशाची ओळ, आणि तिच्यात त्या देशातल्या डब्यावर छापलेलंच नाव.

दोघांना हे सुचलं ते एका बेडकामुळं. पोरवयात त्यांनी 'जंगल राजा' नावाची कॅसेट आणली होती. डब्यावर हा मोठा वाघ, खेळात मात्र उड्या मारणारा बेडूक. बिचारे अख्खा उन्हाळा वाघाची वाट पाहत खेळले. "पुढच्या स्टेजले येते, पाह्यजो!" मुकेश शपथेवर सांगायचा. पुढं रत्नदीपनं भारताची पहिली ओळ भरली ती याच नावाची. मग गावोगाव जुने डबे शोधून तो ओळी वाढवत गेला.

वेबसाइटवर शेवटचा शब्द तीन कारभाऱ्यांचा. ती जागा रत्नदीपलाच देऊ केली होती. त्यानं मुकेशचं नाव पुढं केलं. "तुले बोलता येते, मले नाई," एवढंच म्हणाला.

नियम बदलणार अशी कुजबुज कानावर आली. रविवारी मुकेश घरी आला, तेव्हा रत्नदीपच्या बायकोनं, माधवीनं, तर्रीपोहे केले होते. रत्नदीपनं तिच्यासमोरच विचारलं.

"मी बसलो आहो ना तिथं! काऊन घाबरून राह्यला बे? तुह्या वाघाले कोणी हात नाई लावत." मुकेशनं बशी पुढं केली. "वहिनी, याले अजून तर्री वाढा, तोंड बंद राहीन."

तिघंही हसले.

मंगळवारी निर्णय आला. सगळ्या देशांना एकच नाव, अमेरिकेतलं. भारताच्या ओळी रद्द. ठराव मांडणारा मुकेश, आणि मांडला होता शनिवारी, पोहे खायच्या आदल्या दिवशी.

रत्नदीपनं फोन लावला.

"एक नाव असलं तं लोकायले लवकर सापडते," मुकेश म्हणाला. "आपल्या इकडचे नावं कोण शोधते?"

"मंग रविवारी काऊन नाई सांगितलं?"

"तू नाराज झाला असता." मुकेश म्हणाला. "बरं, आइक. त्या ओळी तुह्याच हातच्या. तूच काढून टाक ना."

रत्नदीपनं फोन ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर सगळ्या ओळी एकदमच गेल्या होत्या. मुकेशनं कोणाची वाट पाहिली नव्हती.

आता बाजारात भेट झाली की मुकेश लांबूनच हाक देतो, "काय बे रत्न्या, रागावला तं नाई ना?"

"नाई," रत्नदीप म्हणतो.

आणि मुकेशला ते खरं वाटतं. रत्नदीपच्या मनाला लागतं ते हेच.