पाचवं बटण

नातीला आणायला मी बालमंदिरात जरा लवकरच पोचलो. आमची साडेतीन वर्षांची रेवा चटईवर बसून लाकडी चौकटीवरच्या कापडाची बटणं लावत होती. पाचवं काही केल्या काजात शिरेना. तिची जीभ बाहेर आलेली, कपाळावर आठी. माझे हात असे शिवशिवले की मी पुढे सरकलोच.

"आजोबा, हात मागे घ्या," ताई हळूच म्हणाल्या.

"नुसतं टोक धरतो हो."

"तेवढंच तर तिचं काम उरलंय."

मी शिक्षा झाल्यासारखे हात मागे बांधले. मी लोकांची वाक्यंसुद्धा पुढे होऊन पुरी करणारा माणूस. बायकोची तर हमखास. पण मला जे काही येतं, ते शिकताना कुणीतरी असंच हात आवरून शेजारी उभं राहिलं असणार. माझ्या बुटाच्या पहिल्या गाठीपायी आईला किती उशीर झाला असेल, आणि तिनं तो होऊ दिला. तिचे आभार मानायचे राहूनच गेले.

बटण शिरलं. मी टाळ्या वाजवणार, तोच रेवानं पाचही बटणं काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ताईंनी मुलांची एक इवली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मावेन तेवढा मी तिच्यात बसलो.