चढावरची टकटक

दौलूच्या उशाशी मी दोन दिवस बसून होतो आणि एक अक्षर बोलू शकलो नाही. धनुर्वात झालेल्या माणसाला आवाज सोसत नाही, साधं भांडं पडलं तरी अंग ताठून उठतं, अशी डॉक्टरांची ताकीद होती. खिडकीला घोंगडं लावलेलं, त्याची बायको, आमच्या वहिनी, दाराशी बसलेल्या, आणि मला त्याला एकच गोष्ट सांगायची होती… त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले. ती गोष्ट इथं लिहितो आहे, कारण दुसरं काही माझ्या हातात उरलेलं नाही.

दौलू पलटणीत मोटारसायकली दुरुस्त करायचा. लढाई संपल्यावर कवठे महांकाळला परतला आणि अर्धा गोठा झाडून तिथं त्यानं आपला कारखाना मांडला. उरलेल्या अर्ध्यात बैल. मी रस्त्यांवरचा ओव्हरसीअर, वाईचा, चार बुकं वाचून शहाणा झालेला. माझ्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन चढ लागला की ठोकायला लागे, बाटलीत खडे घालून हलवावेत तशी टकटक. ती घेऊन गेलो तर पठ्ठ्यानं पान्याला हातच लावला नाही. "चढावर घ्या सायेब. हितं ती काय बोलायची न्हाई," म्हणाला आणि मागं बसला.

ज्याची गाडी त्यानंच चालवायची, हा त्याचा नियम. टकटक सुरू झाली तशी त्यानं माझ्या काखेतून हात पुढं घातला आणि हँडलवरची ठिणगीची दांडी मागं ओढली. आवाज कमी झाला, पण गेला नाही. ठिणगी लवकर पडली की इंधन अवेळी भडकतं आणि पिस्टनला दणके बसतात, हे त्यानं मला परत येताना समजावलं. ठिणगीची वेळ तो बघणार होताच. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. एक तर आत काजळी धरली असणार, नाहीतर पेट्रोलात खोट असणार. "पेट्रोल चांगलं हाय न्हवं?" त्यानं विचारलं. कुपनाचं आहे, अगदी चोख, असं मी सांगून टाकलं.

ते चोख नव्हतं. महिन्याची कुपनं पंधरवड्यात संपत आणि दौरे काही संपत नसत, म्हणून मी टाकीत रॉकेल मिसळत होतो. रॉकेलानं इंजिन ठोकतं हे मीही ऐकून होतो. तेव्हा मिसळत सगळेच, पण भेसळीवर तावातावानं बोलणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा, आणि दौलूनं ते ऐकलेलं. आता कोणत्या तोंडानं कबूल करायचं?

त्यानं ठिणगीची वेळ बदलली, इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, पिस्टनवरची काजळी चाकूनं खरवडली. थोडे दिवस बरे गेले आणि टकटक परत आली. पुन्हा हेड उतरलं. मी आपला समोर स्टुलावर बसून चहा पीत होतो. तिसऱ्या खेपेला चाकू निसटला आणि त्याच्या तळहातात घुसला. निदान तेव्हा तरी बोलायचं! त्यानं पेट्रोलनं हात धुतला, चिंधी बांधली आणि त्याच हातानं शेणात पडलेला पाना उचलला. "लय न्हाई लागलं," म्हणाला.

आठव्या दिवशी त्याचा जबडा आवळला. गावातल्या डॉक्टरांकडे धनुर्वाताचं इंजेक्शन नव्हतं, सांगलीहून आणायला हवं होतं. मी निघालो. परतीच्या वाटेवर चढ लागला आणि इंजिन ठोकू लागलं. जोर दिला असता तर पिस्टन फुटून मी वाटेतच बसलो असतो. दांडी मागं ओढली आणि रांगत निघालो. एका धनगराचं कुत्रं माझ्या पुढं चाललं होतं. खिशात इंजेक्शन, आणि मी कुत्र्याच्या मागं. आयुष्यात इतका लाचार मी कधी झालो नव्हतो. आवाज त्याला सोसणार नाही म्हणून वेशीपाशी गाडी बंद करून टाकली आणि तिथून धावत गेलो.

इंजेक्शन दिलं, पण उशीर फार झालाय, असं डॉक्टर मला अंगणात नेऊन म्हणाले. दौलू शेवटपर्यंत शुद्धीवर होता. डोळे माझ्याकडे वळायचे. मी ओठ हलवले की वहिनी हातानं गप्प करायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दिवस पार पडल्यावर मी वहिनींसमोर सगळं ओकून टाकलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"त्यास्नी म्हाईत हुतं, भावजी. पयल्याच दिशी टाकीचं झाकन काढून वास घ्येतला हुता. म्या म्हनलं, मग सायबास्नी सांगा की. तर म्हनं, मानूस आपनहून सांगंल कवातरी. तवर काजळी काढू."

मला दौलूचा भयंकर राग आला. अजूनही येतो. त्यानं तोंडावर सुनावलं असतं तर मी लाजलो असतो, भांडलो असतो, दोन महिने त्याच्या दारात गेलो नसतो. आणि तो जिता राहिला असता. माझी अब्रू सांभाळायला ह्याला कुणी सांगितलं होतं?

गोठ्यातला तो कोपरा वहिनींनी अजून आवरलेला नाही. दौऱ्यावरून येताना मी तिथं जाऊन बसतो. बैल रवंथ करत असतात… आता तिथं मोठ्यानं बोललं तरी चालतं.